खटका ओढत नाही म्हणजे सोलेनॉइड जळालाच असं नाही

'सप्लायवर २४ व्होल्ट दिसतात आणि दार उघडत नाही, म्हणजे सोलेनॉइड गेला.' सोलेनॉइड म्हणजे विजेच्या कुलपात करंट मिळताच खटका ओढणारी कॉइल. हा सल्ला कुपवाडच्या कारखान्यांपासून मिरजेच्या दवाखान्यांपर्यंत फिरत असतो. ऐकायला पटतो, कारण मीटर खोटं बोलत नाही. पण तो फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

बटण न दाबता घेतलेलं रीडिंग बिनलोडचं असतं. तेव्हा वायरमधून करंटच जात नाही, मग व्होल्टेज पडणार कुठे? खटका ओढताना मात्र काही सोलेनॉइड क्षणभर कित्येक अँपिअर मागतात.

साधा हिशेब करा. अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, दार सप्लायपासून ३० मीटर दूर. जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे रोध (रेझिस्टन्स) सुमारे २ ओहम. २ अँपिअर ओढले की ४ व्होल्ट वाटेतच गेले, दाराशी उरले २०. करंट याहून जास्त असेल तर विचारूच नका.

म्हणून मीटर दाराशी, सोलेनॉइडच्या टोकांवर लावा आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांगा. व्होल्टेज धाडकन पडलं, तर सप्लायच्या टोकांवर तसंच मोजा. तिथेही पडलं तर सप्लाय कमजोर; तिथे टिकलं तर दोष वायरचा किंवा सैल जोडाचा.

व्होल्टेज दाराशीही टिकलं, तरच कॉइलकडे वळा. सप्लाय बंद करून, वायर सोडवून रोध मोजा. २४ व्होल्ट, अर्धा अँपिअरची साधी कॉइल ४८ ओहमच्या आसपास दाखवते. अनंत दाखवलं तर ती तुटली. आत सर्किट बोर्ड असेल तर मात्र हे माप फसवतं.

सप्लायची २३० व्होल्टची बाजू इलेक्ट्रिशियनवर सोडा.