लिंग आणि लिंगभाव

'लिंग' म्हणजे मुळात खूण. मराठीत हा शब्द शरीररचना, जननेंद्रिय आणि नामांचे व्याकरणिक वर्गीकरण या तिन्हींसाठी चालतो. समाजाने घडवलेल्या स्त्री-पुरुषपणासाठी 'लिंगभाव' ही संज्ञा त्या मानाने अलीकडची असून ती मुख्यतः स्त्री-अभ्यासाच्या लेखनातून रुळली.

खुणेवरून लिंग ठरते का, हा वाद जुना आहे. संस्कृत व्याकरणकार पाणिनीच्या, स्त्रीलिंगी प्रत्ययांचा विषय सुरू करणाऱ्या 'स्त्रियाम्' (४.१.३) या सूत्रावर भाष्य करताना पतंजली (बहुतेकांच्या मते इ. स. पू. दुसरे शतक) प्रथम लोकांतली व्याख्या देतो : स्तन व केस असलेली ती स्त्री, अंगावर लव असलेला तो पुरुष. लगेच तो आक्षेपही नोंदवतो. तसे मानले, तर स्त्रीवेष घेणाऱ्या नटाला, म्हणजे 'भ्रूकुंसा'ला, स्त्रीप्रत्यय लावावा लागेल. उलट 'खट्वा' (खाट) स्त्रीलिंगी का, याचे उत्तर मिळणार नाही. बायकोला दार (पु.), भार्या (स्त्री.) आणि कलत्र (न.) असे तिन्ही लिंगांतले शब्द आहेतच. पतंजलीने 'संस्त्यान' (ढोबळपणे, साकळणे) व 'प्रसव' (उत्पत्ती) या कल्पनांचा आधार घेतला. त्यांच्या अर्थाबद्दल टीकाकारांत एकमत नाही. लिंग लोकव्यवहारावर अवलंबून असल्याने ते शिकवण्याची गरज नाही, हे भाष्यातलेच दुसरे विधान अधिक टिकाऊ वाटते.

जैन ग्रंथांत शरीराचा 'द्रव्यवेद' आणि मनाचा 'भाववेद' वेगळे मानले असून ते एकमेकांशी जुळतीलच असे नाही. यात आजच्या लिंगभावाचे पूर्वरूप पाहता येते. मात्र 'वेद' हा मुख्यतः कामप्रवृत्तीचा प्रकार असल्याने ही सांगड सैलच ठेवावी.

आधुनिक विज्ञानात नेटी स्टीव्हन्स व एडमंड विल्सन यांनी १९०५ मध्ये कीटकांच्या अभ्यासातून गुणसूत्रे आणि लिंग यांचा संबंध दाखवला. वृषणे घडवण्यास चालना देणारे 'एसआरवाय' जनुक १९९० मध्ये ओळखले गेले. तरीही एकच कसोटी पुरत नाही. अँड्रोजेन या पुरुषी संप्रेरकांना शरीर मुळीच दाद देत नसेल, तर एक्सवाय ही सहसा पुरुषांत आढळणारी गुणसूत्रे आणि पोटात वृषणे असूनही बाह्य शरीर स्त्रीचे घडते. पाळी न आल्याने तपासणी होते, तेव्हा ते अनेकदा कळते. अशा शरीरभेदांना 'आंतरलिंगी' म्हणतात. 'पारलिंगी' ही संज्ञा जन्मवेळी नोंदलेले लिंग आणि स्वतःची ओळख जुळत नसलेल्यांसाठी आहे. या दोन संज्ञांची गल्लत टाळायला हवी.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या 'नालसा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१९ च्या अधिनियमातील व्याख्येत किन्नर, हिजडा, अरवाणी यांच्यासोबत 'जोगता' हा महाराष्ट्र-कर्नाटकातला, यल्लम्माच्या भक्तिपरंपरेतला शब्दही आला.

मराठीत प्रथमपुरुषी क्रियापदही बोलणाऱ्याचे लिंग सांगते. 'मी आलो' की 'मी आले', हे वाक्य संपण्याआधी ठरवावे लागते. पारलिंगी स्त्रीच्या तोंडचे 'आले' म्हणूनच महत्त्वाचे. कोल्हापूरकडच्या बायका मात्र सहज 'मी आलो' म्हणतात, आणि त्यांच्या बाईपणाबद्दल कोणाला शंका येत नाही.