सिंगापूरचे हिंदी बंदिवान कारागीर

काळ्या पाण्याच्या शिक्षेवर हिंदुस्थानातून सिंगापुरात नेलेले व तेथील सरकारी बांधकामांवर राबलेले कैदी (१८२५–७३). अंदमानची वसाहत (१८५८) होण्यापूर्वी सुमात्रा बेटावरील इंग्रजांचे ठाणे बेंकूलेन, मलायाच्या किनाऱ्यालगतचे पिनांग आणि मॉरिशस ही काळ्या पाण्याची ठिकाणे होती. १८२४ च्या इंग्रज-डच तहाने बेंकूलेन डचांकडे गेले आणि एप्रिल १८२५ मध्ये तेथील कैदी सिंगापुरात हलवण्यात आले. पुढे बंगाल, मद्रास व मुंबई या तिन्ही इलाख्यांतून भर पडत गेली. बंगाल-मद्रासच्या अनेकांच्या कपाळावर गुन्हा गोंदलेला असे. ही प्रथा १८४९ मध्ये बंद झाली.

कैद्यांचे सहा वर्ग होते. वर्तन चांगले राहिल्यास बेडी उतरे, वरचा वर्ग मिळे आणि त्यांतूनच मुकादम नेमले जात. या मुकादमांना ‘टिंडल’ म्हणत. कोकणातला तांडेल तो हाच.

सेंट अँड्र्यूज चर्च (१८५६–६१) हे त्यांचे सर्वांत परिचित काम. आतल्या भिंतींना ‘मद्रासी चुना’ आहे. त्याची कृती अशी : शिंपल्यांच्या चुन्यात वाळू घालायची नाही, अंड्यातला पांढरा बलक व गूळ फेटून तो चुन्यात मळायचा आणि नारळाची सोडणे भिजवलेल्या पाण्याने सारखा करायचा. लेप सुकत आला की गारगोटीच्या गोट्याने घोटायचा. घोटताना भिंतीला पाझर सुटतो, तो टिपत राहावे लागते. शेवटी पुरचुंडीने संगजिऱ्याची पूड मारली की संगमरवरी झळाळी येते.

ही कृती मुख्यतः बंदिवानांचे अधीक्षक मेजर मॅकनेअर यांच्या १८९९ मधील वृत्तांतावरून ज्ञात आहे. गवंडी, सुतार, लोहार तुरुंगाच्या कारखान्यांत घडवले, असा त्यांचा रोख दिसतो. तो शिकवणाऱ्याच्या बाजूचा आहे, हे ध्यानात घ्यावे. असा घोटीव गिलावा दक्षिण हिंदुस्थानात जुनाच. तेव्हा निदान काही गवंडी हे कसब गावाहूनच घेऊन आले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मॅकनेअर यांच्याच आराखड्यावरून बांधलेला गव्हर्नरचा वाडा (१८६७–६९, आताचा इस्ताना, राष्ट्राध्यक्षांचे अधिकृत निवासस्थान) हेही या कारागिरांचेच काम.

१८६७ मध्ये सिंगापूर हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीतून निघाले व १८७३ मध्ये तुरुंग मोडण्यात आला. काहींना अंदमानात नेले, काहींना माफी मिळाली. सुटलेल्यांपैकी अनेक जण गाडीवान, गवळी होऊन तेथेच राहिले.