तांब्यावरचा पाऊस: मर्यादित छापांमागचं रसायन

डच चित्रकार रेम्ब्रांटचं 1643 सालचं ‘तीन झाडं’ हे छापचित्र जेमतेम 21 बाय 28 सेंटिमीटरचं. उजवीकडे उंचवट्यावर तीन झाडं, वर ढगांची दाटी आणि डाव्या कोपऱ्यात पट्टीने आखल्यासारखा तिरका पाऊस. बेळगावजवळच्या कणकुंबी-खानापूरकडचा आषाढ अनुभवलेल्याला तो पाऊस लगेच ओळखीचा वाटतो. त्यावरून बेळगावच्या एखाद्या चित्रकाराने आपल्याकडच्या पावसाचं चित्र तांब्यावर कोरून फक्त 30 छाप काढायचे म्हटले, तर हा आकडा बराचसा तांबंच ठरवतं.

तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या रेघांत शाई भरायची, वरची पुसायची आणि ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा, की एक छाप मिळतो. पत्रा 1 ते 1.5 मिलिमीटर जाडीचा घ्यावा. त्याच्या कडा कानशीने 45 अंशांत उतरवल्या नाहीत, तर दाबाखाली कागद चिरतो. मग पत्रा खडूची पूड आणि अमोनियाने घासायचा. पाणी थेंब न होता सलग पसरलं, की तेलकटपणा गेला असं समजावं. त्यावर मेण, डांबर आणि राळ यांचा पातळ लेप द्यायचा आणि सुईने फक्त लेप खरवडायचा. तांबं कोरण्याचं काम फेरिक क्लोराइड करतं. सर्किट बोर्ड कोरायला वापरतात तेच हे रसायन. त्यातले लोहाचे आयन तांब्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि उघडं पडलेलं तांबं विरघळतं. रेघेत गाळ साचला की क्रिया मंदावते, म्हणून पत्रा पालथा तरंगत ठेवतात किंवा द्रावणात सायट्रिक आम्ल मिसळतात. द्रावण थंड असेल तर वेग कमी होतो. डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये तेवढीच मिनिटं दिली, तरी रेघा सारख्या खोल जात नाहीत. त्यामुळे दर वेळी आधी एका तुकड्यावर चाचणी घ्यावी.

दूरच्या शेतांच्या फिकट रेघांना 10 मिनिटं पुरतात. मग त्या वॉर्निशने झाकून बाकीच्या पुन्हा बुडवायच्या. झाडांच्या गर्द सावलीपर्यंत एकूण तासभर लागू शकतो. इथे घाई केली किंवा रेघा फार जवळजवळ ओढल्या, तर मधलं तांबंही खचतं. तिथे शाई धरायला कडाच उरत नाहीत आणि काळ्याऐवजी राखाडी डाग उमटतो. वापरलेलं द्रावण गटारात ओतू नये. तांब्याचे क्षार माशांना घातक असतात. धुण्याचा सोडा घालून गाळ खाली बसू द्यावा आणि तो घातक कचऱ्यात द्यावा.

पावसासाठी मात्र सुई थेट तांब्यात रुतवायची, म्हणजे ड्रायपॉइंट. रेम्ब्रांटनेही या चित्रात आम्लाच्या जोडीला ड्रायपॉइंट आणि ब्युरिन, म्हणजे धातू कोरायची टोकदार कोरणी, वापरलं आहे. सुई रेघेच्या कडेला धातू उचलते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला टर्नर ज्याला बर म्हणतो आणि घासून काढून टाकतो, तोच हा काठ. इथे तो जिवापाड जपायचा, कारण त्यात अडकलेल्या शाईमुळेच रेघ मखमली दिसते. दाबयंत्राच्या प्रत्येक फेरीत तो थोडा चेपतो, आणि दोन-तीन डझन छापांत मखमल जाते. रसायनाने कोरलेली रेघ शेकडो छाप तग धरते. पत्र्यावर विजेने लोखंडाचा अतिपातळ थर चढवला, तर ड्रायपॉइंटही जास्त टिकतो.

यंत्राचे पोलादी रोलर बेळगावात उत्तम वळवून मिळतात. रोलरखाली फेल्ट, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, मात्र चांगलं हवं. आपली घोंगडी चालत नाही, तिची वीण कागदावर उमटते.

कागद कापसाचा, 250 ते 300 जीएसएमचा (दर चौरस मीटरला तितके ग्रॅम). अर्धा तास भिजवून टिपकागदात दाबायचा, तेव्हा तंतू मऊ होऊन रेघांत शिरतात. उन्हाळ्यात कडा आधी सुकतात आणि तिथल्या रेघा तुटक येतात. पावसाळ्यात त्रास उलटा. ओलसर छाप थप्पीत राहिले आणि हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांवर गेली, की बुरशीचे तपकिरी ठिपके पडू लागतात. म्हणून टिपकागद रोज बदलावेत. शाईतलं जवसाचं तेल प्राणवायू शोषून घट्ट होतं, त्याला वेळ द्यावाच लागतो.

छाप पुरे झाले की पत्र्यावर आडव्या रेघा ओढून तो बाद करतात. विकत घेताना हे झालंय का, ते विचारावं. पेन्सिलीने लिहिलेला 7/30 म्हणजे सातवा निघालेला छाप असेलच असं नाही, सुकवताना क्रम बदलतो. तेव्हा आकड्यापेक्षा पावसाचा काळेपणा बघावा. दहापट भिंगाखाली रंगीत ठिपके दिसले तर तो यंत्रावरचा डिजिटल किंवा ऑफसेट छाप. खऱ्या कोरीव छापात शाई किंचित उंच असते आणि चित्राभोवती पत्र्याची खूण दबलेली असते. चौकट करताना काच कागदाला टेकू देऊ नये, 3-4 मिलिमीटर मोकळी जागा सोडावी आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर चित्र टांगू नये.