लोकसहभागी पुरातत्त्व

लोकसहभागी पुरातत्त्व म्हणजे ज्या भागाचा इतिहास शोधायचाय तिथल्याच लोकांनी हौसेने, पगार न घेता केलेलं काम. सोबत शक्यतो एखादा प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञ असतो, पण कुठलं शेत आधी बघायचं हे बऱ्याचदा गटच ठरवतो. ब्रिटनच्या ग्रामीण खोऱ्यांत ही पद्धत चांगली रुजलीय, कारण तिथे उतारावर नांगर फारसा फिरला नाही, कुरणंच राहिली, त्यामुळे जुने बांध, घरांचे पाये, शिशाच्या खाणींचे ढिगारे अजून जमिनीवर दिसतात. आणि हिवाळ्यात गवत बसलेलं असताना तिरपं ऊन पडलं की वीतभर उंचवट्याचीसुद्धा सावली पडते, ती नेमकी रोज त्या वाटेने जाणाऱ्याला दिसते, चार दिवसांसाठी आलेल्या तज्ज्ञाला नाही.

खोदकाम सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी चालत सर्व्हे, मोजमाप, म्हाताऱ्या माणसांशी गप्पा, आणि कागद. १८३६ च्या कायद्यानंतर इंग्लंड-वेल्समध्ये जे टाइद (चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचे) नकाशे बनले त्यांच्या नोंदीत शेताचा मालक, कसणारा, बऱ्याचदा शेताचं नावसुद्धा सापडतं, हा खजिनाच आहे. आता लायडारही आहे, म्हणजे विमानातून लेझरने केलेली जमिनीची मोजणी. २०२० च्या लॉकडाउनमध्ये नैऋत्य इंग्लंडमधल्या टेमार खोऱ्याच्या परिसरातली अशी चित्रं एक्झेटर विद्यापीठाच्या प्रकल्पातल्या स्वयंसेवकांनी घरी बसून तपासली आणि रोमन रस्ते, जुन्या वस्त्या असाव्यात अशा खुणा शोधल्या.

खोदायचंच तर साधारण एक मीटर बाय एक मीटरचा टेस्ट पिट घेतात, दहा-दहा सेंटिमीटरने खाली जातात, माती चाळतात. एकदा खोदलेला थर परत मिळत नाही, म्हणून फोटो, आराखडा, खोली हे सगळं तिथल्या तिथे लिहायलाच हवं, नाहीतर हातात नुसतं खापर उरतं. माझ्या मते चांगला गट ओळखायचा तो त्याच्या वह्यांवरून.

धीर धरला तर काय होतं ते यॉर्कशायरमधल्या व्हॅरम पर्सी या ओसाड गावात दिसतं. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्यामुळे तिथे १९५० ते १९९० दर उन्हाळ्यात स्वयंसेवक येत राहिले. गाव प्लेगने एका झटक्यात संपलं नव्हतं, प्लेगनंतरही लोक राहत होते आणि पुढे शेतीच्या जागी मेंढ्यांची कुरणं आली तसं गाव रिकामं झालं, हे तिथल्या कामातून स्पष्ट झालं.

नियम कडक आहेत. जमीनमालकाची परवानगी लागते, संरक्षित स्मारकावर १९७९ च्या कायद्याने सरकारी संमतीसुद्धा. इंग्लंड-वेल्समध्ये सोन्याचांदीचा जुना ऐवज सापडला तर १९९६ च्या ट्रेझर कायद्याखाली १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा ऐवजाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. बाकीच्या वस्तू सहसा जमीनमालकाच्या, त्यामुळे त्या म्युझियमला जाणार का हे पहिलं फावडं मारायच्या आधीच लेखी ठरवून घेतात.