संकल्पनात्मक प्रतिरूपण भाषा

माहिती प्रणाली बांधायला घेण्याआधी तिच्यात कशाकशाची नोंद ठेवायची, त्या गोष्टींचे आपसांत नाते काय आणि त्या नात्याला कोणते नियम लागू आहेत, हे ठरावीक चिन्हांनी मांडण्याची पद्धत म्हणजे संकल्पनात्मक प्रतिरूपण भाषा. कॉलेजात ‘ईआर डायग्राम’ आणि कंपनीत ‘डेटा मॉडेल’ म्हणून जे काढतात, ते बहुतेक अशाच एखाद्या भाषेत काढलेले असते. भाषा म्हणण्याचे कारण, तिला शब्दसंग्रह असतो, कोणते चिन्ह कशाला जोडायचे याचे व्याकरण असते आणि प्रत्येक रेषेला ठरलेला अर्थ असतो. प्रोग्रॅम यंत्राने वाचायचा असतो. ही आकृती मात्र ज्याचा हिशेब आहे त्या माणसाला वाचता आली पाहिजे. डेटाबेस कोणता आणि टेबले किती, हे प्रश्न या पातळीवर यायचेच नसतात. प्रस्तुत नोंदीतली उदाहरणे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातल्या जिल्ह्यांतली आहेत.

सातबारा आणि आठ-अ हे दोन्ही उतारे ज्याने एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिले, त्याला ही पातळी फार समजावून सांगावी लागत नाही. गाव नमुना सात जमिनीच्या बाजूने लिहिलेला असतो : गट नंबर काढा, त्यावरचे खातेदार दिसतात. आठ-अ खातेदाराच्या बाजूने लिहिलेला असतो : माणूस काढा, त्या गावातले त्याचे सगळे गट दिसतात. कागद दोन, पण दोघांच्या मागची वस्तुस्थिती एकच, ‘खातेदार गट धारण करतो’. एका गटावर अनेक खातेदार असू शकतात आणि एका खातेदाराचे अनेक गट, म्हणून हे नाते ‘अनेकास अनेक’ प्रकारचे. आता एरंडोल तालुक्यातल्या एखाद्या गटावर तीन भावांची नावे लागली, तर प्रत्येकाचा हिस्सा कुठे लिहायचा? भावाच्या नोंदीत लिहून चालत नाही, कारण दुसऱ्या गटात त्याचा हिस्सा वेगळा असतो. गटाच्या नोंदीत लिहावा तर तीन आकडे एका खणात कोंबावे लागतात. हिस्सा हा भावाचाही गुणधर्म नाही आणि गटाचाही नाही. तो दोघांमधल्या नात्याचा गुणधर्म आहे. नवशिक्याची आकृती सहसा इथेच अडखळते.

उतारे वेगळे, साठवण वेगळी आणि मधली संकल्पना वेगळी, ही विभागणी १९७५ साली अमेरिकेतल्या अन्सी-स्पार्क अभ्यासगटाच्या अहवालात औपचारिकपणे मांडली गेली. बाह्य, संकल्पनात्मक आणि आंतरिक अशा तीन पातळ्या त्यात आहेत. त्याआधी १९६९मध्ये चार्ल्स बाखमन यांनी डेटा मांडण्याच्या आकृत्या वापरात आणल्या होत्या आणि १९७०मध्ये एडगर कॉड यांनी डेटा टेबलांच्या रूपात मांडणारे रिलेशनल मॉडेल मांडले होते. पण कॉड यांची मांडणी गणिती होती, बाजार समितीतल्या माणसापुढे ठेवण्याजोगी नव्हती. ती अडचण पीटर चेन यांच्या मार्च १९७६च्या लेखाने बरीच दूर केली. त्यातून एंटिटी-रिलेशनशिप, म्हणजे ईआर, पद्धत रूढ झाली. वस्तूला चौकोन, नात्याला हिरा आणि गुणधर्माला लंबगोल, ही पाठ्यपुस्तकातली ओळख तिचीच. त्याच वर्षी गॉर्डन एव्हरेस्ट यांनी ‘अनेक’ दाखवण्यासाठी रेषेच्या टोकाला तीन फाटे दिले. त्याला ‘कावळ्याचा पाय’ म्हणतात. परीक्षेत हिरे काढायचे आणि नोकरीत कावळ्याचे पाय, असा साधारण अनुभव आहे.

चिन्हे अर्ध्या तासात शिकता येतात. कठीण असते ते एक वस्तू म्हणजे काय, हे ठरवणे. रावेर-यावल भागातल्या केळीचा हिशेब ठेवणाऱ्या एखाद्या सोसायटीसाठी प्रणाली करायची आहे असे धरू. जून-जुलैतल्या लागवडीला मृगबाग म्हणतात, सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या लागवडीला कांदेबाग. तेव्हा ‘बाग’ ही वस्तू आणि लागवडीची तारीख, कापणीची तारीख हे तिचे गुणधर्म, इतके सरळ वाटते. मग पिलबाग निघते. मुख्य पिकाचा घड कापल्यावर त्याच बुंध्याशी राखलेले पील (कोंब) वाढवून दुसरे पीक घेतात, तिला पिलबाग म्हणतात. तिला लागवडीची वेगळी तारीखच नसते. आकृती काढणारा विचारतो, “अप्पा, ही बाग एक धरायची की दोन?” उत्तर येते, “बाग एकच रे, पीक दोनदा.” या एका वाक्याने आकृती बदलते. ‘बाग’ आणि ‘हंगाम’ अशा दोन वस्तू होतात : एका बागेला एक किंवा अधिक हंगाम, प्रत्येक हंगाम एकाच बागेचा, आणि हंगामाचा प्रकार मुख्य किंवा पील. घड एकाच दिवशी सगळे तयार होत नाहीत, कापणी खेपांनी होते, म्हणून ‘खेप’ ही तिसरी वस्तू लागते. वजन आणि भाव खेपेला चिकटतात, बागेला नाही. हा प्रश्न कोणी विचारला नसता तर दुसऱ्या पिकाची तारीख पहिल्या पिकाच्या तारखेवर जाऊन बसली असती आणि एका वर्षाचे उत्पन्न गुपचूप पुसले गेले असते. प्रतिरूपण भाषेचे खरे काम हे : रेषेच्या दोन्ही टोकांना ‘किती?’ आणि ‘असलेच पाहिजे का?’ हे विचारल्याशिवाय ती रेषा पुरी होऊ देत नाही.

ओळखीचा प्रश्नही असाच. चोपडा-अमळनेर भागात पाटील, महाजन, चौधरी या आडनावांनी यादीची पाने भरतात. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तिन्ही जुळणारी दोन माणसे एकाच गावात सापडणे नवलाचे नाही. गावात ती ‘मळ्यातले’ आणि ‘वेशीजवळचे’ अशी ओळखली जातात, पण प्रणालीला मळा दिसत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूला निर्विवाद ओळखचिन्ह द्यावे लागते, आणि ईआर पद्धतीत ते अधोरेखित करून दाखवतात.

काळ मात्र या आकृत्यांत नीट मावत नाही. ‘एक तालुका एकाच जिल्ह्यात असतो’ हा नियम कोणीही डोळे मिटून काढील. पण शहादा तालुका घ्या. १९०६मध्ये खानदेशची पूर्व आणि पश्चिम अशी विभागणी झाली तेव्हा शहादा पश्चिम खानदेशात गेला, पुढे त्या जिल्ह्याला धुळे हे नाव पडले, आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यावर तो तिकडे गेला. आजच्या दिवसापुरता नियम बरोबर, जुने दस्त शोधणाऱ्यासाठी चूक. महसुली दफ्तराने यावर फार पूर्वी तोडगा काढला होता : बदल हीच स्वतंत्र नोंद करायची. फेरफार म्हणजे तेच. वारस लागला, खरेदी झाली, बोजा चढला, की आधी फेरफाराला क्रमांक मिळतो आणि मग सातबारा बदलतो. घटनेला वस्तूचा दर्जा देणारी अशीच मांडणी १९८२मध्ये विल्यम मॅकार्थी यांनी हिशेब प्रणालींसाठी केली. संसाधन, घटना आणि व्यक्ती असे तिचे तीन आधार आहेत. कापसाच्या व्यवहाराला ती चपखल बसते.

दुसरी परंपरा गुणधर्म ही कल्पनाच बाजूला ठेवते. शिर नायसन यांच्या १९७०च्या दशकातल्या नायम पद्धतीतून टेरी हॅल्पिन यांनी ऑब्जेक्ट-रोल मॉडेलिंग विकसित केले. त्यात प्रत्येक माहिती म्हणजे एक साधे वाक्य. मराठीत काम करणाऱ्याला हिचा एक वेगळाच फायदा आहे. ईआर आकृती डावीकडून उजवीकडे कर्ता, क्रियापद, कर्म अशी वाचायची सवय लावते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने ‘खातेदार, धारण करतो, गट’ हे कानाला कोणी ढकलल्यासारखे लागते. ऑब्जेक्ट-रोल पद्धतीत वाक्यात रिकाम्या जागा ठेवून शब्द कुठेही बसवता येतात : ‘… हा … हा गट धारण करतो’. असे वाक्य वाचून दाखवले की समोरचा आकृती न पाहताही चूक काढतो. या पद्धतीचे इंग्रजी आद्याक्षरी नाव ‘ओआरएम’ आणि प्रोग्रॅमरांच्या रोजच्या वापरातले ‘ओआरएम’ (ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या वस्तू डेटाबेसच्या टेबलांशी जोडण्याचे तंत्र) या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मुलाखतीला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

उद्योगात सर्वांत प्रसिद्ध झाली ती यूएमएल, म्हणजे युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि आयव्हर जेकबसन यांच्या पद्धती एकत्र करून ती तयार झाली आणि १९९७मध्ये ओएमजी या संस्थेने तिला मानक म्हणून स्वीकारले. तिच्या अनेक आकृत्यांपैकी संकल्पनात्मक कामाला मुख्यतः वस्तूंचे वर्ग आणि त्यांची नाती दाखवणारा क्लास डायग्राम वापरतात. बाकीच्यांचा पसारा प्रस्तुत लेखकाला गरजेपेक्षा मोठा वाटतो. कामाचा ओघ दाखवायला बीपीएमएन ही वेगळी चिन्हपद्धती आहे (पहिली आवृत्ती २००४, दुसरी २०११).

चिन्हांमागचा अर्थ पक्का आहे का, याचा अभ्यास यायर वँड आणि रॉन वेबर यांनी तत्त्वज्ञानातल्या सत्ताशास्त्राच्या, म्हणजे अस्तित्वात काय असते याच्या विचाराच्या, आधारे केला. जियानकार्लो गुइझार्डी यांच्या २००५च्या प्रबंधातून ऑन्टोयूएमएल ही त्याच विचारावर उभी यूएमएलची आवृत्ती आली. तिचा सर्वांत उपयोगी भेद म्हणजे जात (वस्तूचा न बदलणारा मूळ प्रकार) आणि भूमिका यांतला. नंदुरबारच्या मिरची बाजारातले शेतकरी, अडत्या आणि व्यापारी हे ‘व्यक्ती’चे तीन स्वतंत्र प्रकार म्हणून काढले, तर स्वतःची शेती असलेल्या अडत्याची नोंद दोनदा होते, दोन क्रमांकांनी, आणि येणे-देणे जुळत नाही. अडत्या ही माणसाची जात नव्हे. बाजारात वठवायची भूमिका आहे. आज घेतली, उद्या सोडली, तरी माणूस तोच.

आजची साधने तयार डेटाबेसवरून एका क्लिकवर आकृती काढून देतात. प्रकल्पाच्या फायलीत ती लावण्याची पद्धत पडली आहे, विद्यार्थ्यांच्या तर विशेष. पण ती टेबलांची आकृती असते. तिच्यात बाग आणि हंगाम आधीच एका टेबलात अडकलेले असतील, तर रेषा कितीही सुबक आल्या तरी पिलबाग तिच्यात दिसत नाही.