धबधब्याकाठचे हल: लाकडासाठी न वसलेले लाकडाचे गाव

ऑटवात कॅनडाच्या संसदेमागच्या कड्यावर उभे राहिले की ऑटवा नदीपलीकडे गातिनो शहराचा हल हा भाग दिसतो. राजधानीच्या जागी 1826 मध्ये रिडो कालव्याच्या मजुरांची बायटाउन नावाची वस्ती पडली. हल त्याहून 26 वर्षांनी जुने आहे. ते वसले थोडे वरच्या अंगाला असलेल्या शोदिएर धबधब्यामुळे. पुढे ऑटवा खोऱ्यातला लाकडाचा सारा व्यापार याच धबधब्याभोवती वाढला. त्यामुळे हे गाव पहिल्यापासून लाकूडतोड्यांचेच असणार, असा समज सहज होतो, पण तो चुकीचा आहे.

गाव वसवणारा फिलेमन राइट हा मॅसॅच्युसेट्समधल्या वूबर्नचा शेतकरी. वूबर्नच्या आसपास जमीन अपुरी पडू लागली होती आणि ब्रिटिश सरकार कॅनडात वसाहतींसाठी जमिनी देत होते. राइट आधी स्वतः येऊन खोरे पाहून गेला. मग 1800 च्या फेब्रुवारीत पाच कुटुंबे, 25 मजूर, 14 घोडे आणि 8 बैल घेऊन तो निघाला. भर हिवाळ्यात निघण्याचे कारण साधे होते. वरच्या खोऱ्यात रस्ताच नव्हता. गोठलेली नदी हाच रस्ता. पण बर्फ कुठे जाड आणि कुठे पातळ, हे त्यांच्यापैकी कोणालाच कळत नव्हते. वाटेत बायको आणि मुलासह चाललेला एक मूलनिवासी माणूस भेटला. एकमेकांची भाषा येत नसताना तो या काफिल्याच्या पुढे चालू लागला आणि कुऱ्हाडीने ठोकून ठोकून बर्फ तपासत त्याने सगळ्यांना धबधब्यापर्यंत पोहोचवले. ही हकिगत राइटनेच लिहून ठेवली आहे. त्या माणसाचे नाव मात्र इतिहासात राहिले नाही, याची मला फार रुखरुख वाटते. तो नसता तर बैल-घोड्यांसह ही माणसे कुठल्या तरी भेगेत गेली असती.

जागा ओसाड नव्हती. हा अल्गॉन्क्विन अनिशिनाबे लोकांचा मुलूख आणि धबधबा त्यांचे पवित्र स्थान. 1613 मध्ये इथून गेलेल्या शांप्लेन या फ्रेंच शोधप्रवाशाने पाहिले होते की लोक तबकात तंबाखू गोळा करतात, तबकाभोवती नाचतात आणि मग ती तंबाखू उकळत्या भोवऱ्यात अर्पण करतात. पाण्याने खडकात कोरलेल्या त्या खोल काहिलीवरूनच ‘शोदिएर’, म्हणजे कढई, हे फ्रेंच नाव पडले. राइटची माणसे झाडे पाडू लागली तेव्हा अल्गॉन्क्विन मुखिये आले आणि कोणाच्या अधिकाराने तोडता, असे त्यांनी विचारले. आमचे हरीण, आमचे बीव्हर आणि मेपलच्या रसाची आमची साखर यांचे काय, ही त्यांची काळजी होती. राइटने सरकारी कागदांचा हवाला दिला. मुखियांनी अधिकाऱ्यांकडे चौकशी केली, तर तुम्हाला सरकारकडून दरवर्षी भेटवस्तू मिळतात, तेव्हा जमिनीवर तुमचा हक्क नाही, असे उत्तर त्यांना मिळाले.

पहिली सहा वर्षे शेतीतच गेली. झाड म्हणजे नांगराच्या वाटेतला अडथळा होता. पाडायचे, जाळायचे, राखेतून पोटॅश हा विकाऊ क्षार काढायचा. धबधब्याच्या पाण्यावर आरागिरणी आणि पिठाची गिरणी चालली, पण वस्तीपुरती. धान्य भरपूर पिकू लागले, तरी सर्वांत जवळची बाजारपेठ मॉन्ट्रियल, आणि तिथवर माल नेण्याचा खर्च परवडत नव्हता. राइटच्या हिशेबाने 20,000 डॉलर जमिनीत गेले होते. आता विकण्यासारखे आणि स्वतःच वाहत जाणारे असे एकच काही उरले होते: पांढऱ्या पाइनचे लाकूड.

11 जून 1806 रोजी ‘कोलंबो’ नावाचा ओंडक्यांचा तराफा क्वेबेक शहराच्या बंदराकडे निघाला. तराफ्यावर राइट, त्याचा किशोरवयीन मुलगा टायबेरियस आणि लंडन ऑक्सफर्ड हा स्वतंत्र कृष्णवर्णीय वसाहतकार धरून मोजकी माणसे होती. वाटेतल्या लाँग सॉ नावाच्या प्रपातांत तराफा पुन्हा पुन्हा सुटला, पुन्हा पुन्हा बांधावा लागला, आणि नुसता तो टप्पा पार करण्यात कित्येक आठवडे गेले. उन्हाळा सरता सरता तराफा क्वेबेकला लागला.

मग युरोपातल्या युद्धाने या गावाचे नशीब पालटले. नोव्हेंबर 1806 मध्ये नेपोलियनने ब्रिटनविरुद्ध व्यापारबंदी पुकारली आणि बाल्टिकचे लाकूड मिळणे अवघड झाले. डोलकाठ्यांवाचून ब्रिटिश नौदलाचे चालणार नव्हते. परदेशी लाकडावरचे कर वाढले, कॅनडाच्या लाकडाला भाव आला. राइटने वाट शोधली ती बंदीच्या आधी. पण बंदी आली नसती तर कोलंबो ही एका कर्जबाजारी होऊ घातलेल्या शेतकऱ्याची धडपड म्हणूनच राहिली असती, असे मला वाटते.

धबधबा मात्र आडवाच होता. वरून सोडलेले चौरस, म्हणजे चारी बाजूंनी तासलेले, ओंडके खडकांवर आपटून फुटत. 1829 मध्ये राइटचा मुलगा रगल्स याने धबधब्याच्या बाजूने लाकडी घसरण बांधली. ओंडक्यांचा बांधलेला गठ्ठा न सोडता, वरच्या माणसांसकट खाली उतरू लागला. 1850 च्या दशकात अमेरिकन कारखानदार आले आणि चौरस ओंडक्यांची जागा चिरलेल्या फळ्यांनी घेतली. काठावर फळ्यांचे ढीग उभे राहिले. 26 एप्रिल 1900 रोजी हलमध्ये लागलेली आग याच ढिगांवरून नदी ओलांडून ऑटवात शिरली आणि सुमारे 15,000 माणसे बेघर झाली.

1908 मध्ये चौरस ओंडक्यांचा शेवटचा तराफा खाली गेला. त्याच सुमारास धबधब्याला वेढणारे अर्धगोल धरण बांधले गेले. धबधब्याजवळच्या बेटांवर आणि काठावर गिरण्यांच्या जागी आता घरे आणि कार्यालये उभी राहत आहेत. त्या बांधकामावर अल्गॉन्क्विन समाजातच दोन मते आहेत: काहींनी भागीदारी स्वीकारली, तर काहींना ही बेटे त्यांच्या पवित्र स्थानासाठी मोकळी हवी आहेत.