एकदाच वापरायचा आकडा

वाय-फायच्या १९९७ सालच्या मूळ मानकातली वेप ही मजकूर गुप्त ठेवण्याची पद्धत आणि २०१७ मध्ये उघडकीला आलेला, तिच्यानंतरच्या डब्ल्यूपीए२ पद्धतीवरचा क्रॅक हल्ला यांच्यात वीस वर्षांचं अंतर आहे, पण दुखणं एकच. एकदाच वापरायचा आकडा पुन्हा वापरला गेला.

गुप्त किल्ली आणि पॅकेटचा, म्हणजे हवेत जाणाऱ्या मजकुराच्या तुकड्याचा, क्रमांक (हाच तो एकदाच वापरायचा आकडा) यांपासून बिट्सची माळ तयार होते आणि ती मजकुरावर एक्सऑरने चढते: बिट सारखे तर ०, वेगळे तर १. मजकूर १०११, माळ ०११०. हवेत जातं ११०१. त्याच माळेवर १००० पाठवलं तर १११०. आता हवेतून पकडलेल्या या दोघांचं एक्सऑर करा: ००११. मूळ मजकुरांचं एक्सऑरही तेवढंच येतं. माळ मधून गळून पडली, किल्लीला हातही लावावा लागला नाही! आता एक मजकूर ओळखता आला की दुसरा आपोआप उघडतो.

वेपमध्ये हा क्रमांक अवघ्या २४ बिटांचा, म्हणजे १,६७,७७,२१६ आकडे. ते यादृच्छिक निवडले तर पाचेक हजार पॅकेट्समध्येच एखादा पुन्हा येण्याची शक्यता निम्म्यावर जाते.

डब्ल्यूपीए२ मध्ये क्रमांक ४८ बिटांचा झाला. तो संपण्याची भीती गेली. मात्र जोडणीच्या वेळी फोन आणि राउटर चार संदेशांची देवाणघेवाण करतात. तिसरा मिळाला की फोन किल्ली बसवतो आणि चौथा पाठवतो. हल्लेखोराने चौथा अडवला की राउटर तिसरा पुन्हा धाडतो, फोन तीच किल्ली पुन्हा बसवतो आणि क्रमांक परत आरंभाला येतो, म्हणजे जुनीच माळ पुन्हा. या देवाणघेवाणीची गणिती सिद्धता झालेली होती, फक्त किल्ली कधी बसवायची याबद्दल ती गप्प होती. अँड्रॉइड ६ ने तर कहरच केला. सावधगिरी म्हणून स्मृतीतली किल्ली पुसलेली असायची, त्यामुळे दुसऱ्यांदा सगळी शून्यंच बसायची.

क्रॅकमध्ये पासवर्ड फुटत नाही, म्हणून तो बदलून उपयोग शून्य. नुसता राउटर अद्ययावत करूनही भागत नाही, कारण चूक मुख्यतः फोन-लॅपटॉपच्या बाजूची. अपडेट तिथे हवं.

राउटरमध्ये मात्र डब्ल्यूपीएसचा, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्याच्या सोयीचा, पिन बंदच करा. तो दिसायला आठ अंकी, पण शेवटचा अंक पडताळणीचा आणि तपासणी दोन तुकड्यांत: १०,००० अधिक १,०००, म्हणजे फार तर ११,००० प्रयत्न.